मूषकनामावळी

गेल्या महिन्यातील गोष्ट. आमचा आठ वर्षांचा नातू शाळेतून आला तो दप्तर कोपऱ्यात टाकून थेट माझ्या खोलीत येऊन बसला. एरवी त्याचे पाय आधी स्वयंपाकघराकडे वळतात. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आजोबा, उंदीर ही शिवी आहे का हो?"

वर्गातील मुलांनी त्याला ते नाव ठेवले होते. पुढचे दोन दात नुकतेच नवे आले आहेत, ते चेहऱ्याच्या मानाने अंमळ मोठे दिसतात, एवढेच काय ते निमित्त. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, तुम्ही नका मनावर घेऊ. मुलं चार दिवस चिडवतात नि विसरून जातात." आमच्या धाकट्या बंधूंनी तर तेथल्या तेथे त्यास 'मूषकराज' म्हणून हाक मारली, आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यांनी ती उचलली. सारे हसले. नातू हसला नाही, आणि मलाही हसू आले नाही. मला ते का आले नाही हे पुढे सांगावयाचे आहेच. पण "उद्या सांगतो" असे त्या मुलास वचन देऊन बसल्यामुळे आधी त्याच्या प्रश्नामागे लागणे भाग पडले. पुढचे चार-पाच दिवस मी जुनी पुस्तके उपसली. त्यांत जे सापडले ते इतके मौजेचे निघाले की वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवेना.

प्रथम शब्दाकडेच पाहू. मूषक हा शब्द मुष् म्हणजे चोरणे या धातूपासून आला, असे वैयाकरण सांगतात. तेव्हा मूषक म्हणजे चोर. आखु म्हणजे खणणारा. तिसरा उन्दुरु, त्यापासून आपला घरचा उंदीर. अमरकोशात ही तिन्ही नावे शेजारी शेजारी बसलेली आहेत. मूष् हे रूप ऋग्वेदाइतके जुने आहे, आणि लॅटिनमधील मूस, जर्मनांचा माउस व इंग्रजांचा माउस ही सारी त्याचीच भावंडे. म्हणजे आपले आणि युरोपियनांचे पूर्वज एका ठिकाणी नांदत होते तेव्हाही धान्याच्या कणगीत हा पाहुणा होताच, आणि त्याचे नाव तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

मराठीत लहानमोठ्या सगळ्यांना आपण उंदीर म्हणतो. फार मोठा झाला तर घूस. इंग्रजीत मात्र लहान तो माउस आणि मोठा तो रॅट, आणि दोघांच्या अब्रूत जमीनअस्मानाचा फरक आहे. माउस म्हटले की भित्रा, गरीब, फार तर लाडका. १९२८ साली वॉल्ट डिस्ने यांनी पडद्यावर आणलेला मिकी जगातील लेकरांचा सोयरा झाला तो माउस होता म्हणून. रॅट असता तर त्यास कोणी घरात घेतले नसते. रॅट म्हणजे बुडत्या गलबतावरून आधी उडी टाकणारा, पक्ष सोडणारा. अमेरिकेच्या बोलीत तर पोलिसांना साथीदारांची बातमी देणारा. इतके असूनही फ्रँक सिनात्रा आणि त्याच्या मित्रमंडळाला लोक 'रॅट पॅक' म्हणत. याचे कारण पुढे येईल.

आता देवांकडे वळू. गणपतीस आपण मूषकवाहन, आखुवाहन, आखुरथ म्हणतो, आणि ही नावे अनादि आहेत असे आपणांस वाटते. पण अमरसिंहाने विनायकाची जी आठ नावे दिली आहेत त्यांत उंदराचा मागमूस नाही. लंबोदर आहे, एकदंत आहे, हेरंब आहे, मूषकवाहन नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी आपला कोश रचला तेव्हा मात्र 'आखुग' हे नाव त्या यादीत येऊन बसलेले दिसते. उंदराने कोशात शिरावयासही वेळ घेतला म्हणावयाचा! मात्र त्याचे या घराण्याशी नाते त्याहून पुष्कळ जुने असावे. शुक्ल यजुर्वेदात त्र्यंबकहोमाच्या प्रसंगी आखु हा रुद्राचा पशु म्हटला आहे. म्हणजे मुलाच्या पायाशी येण्याआधी तो बापाकडे होता.

याहून मौज अशी की होमराच्या इलियडमध्ये, अगदी पहिल्याच सर्गात, क्रायसीस नावाचा पुजारी अपोलो देवास 'स्मिंथेउस' या नावाने हाक मारतो. स्मिंथोस म्हणजे उंदीर, असे जुन्या टीकाकारांनी सांगितले आहे. ग्रीक सैन्याच्या सेनापतीने त्या म्हाताऱ्या पुजाऱ्याची मुलगी परत दिली नाही, वर त्याचा अपमान केला. तेव्हा देवाने आपले बाण सोडले आणि नऊ दिवस छावणीत मरी पसरली. स्त्राबो या भूगोलकाराने क्रायसा येथील देवळाचे वर्णन करताना तेथील मूर्तीच्या पायाशी उंदीर कोरलेला होता असे सांगितले आहे. अपोलो धनुर्धर, रुद्र धनुर्धर. दोघे रोग धाडणारे आणि दोघेही औषध देणारे. आणि दोघांच्याही जवळ उंदीर. यावरून हे दोन देव मुळात एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तसे धाडस करणाऱ्यांचे पुढे काय होते ते मी पाहिले आहे. पण प्लेगाच्या रोगजंतूंचा वाहक उंदरावरील पिसू आहे हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले, त्याच्या कितीतरी शतके आधी भयाचा आणि उंदराचा संबंध माणसाच्या मनात जडलेला होता एवढे खरे.

देवांप्रमाणे राजांनीही हे नाव मिरविले आहे. उत्तर मलबारात कण्णूरजवळ समुद्रात घुसलेला एक डोंगर आहे, एळिमला. मल्याळी भाषेत एलि म्हणजे उंदीर. तेव्हा संस्कृत पंडितांनी त्यास मूषकपर्वत केले आणि तेथील राजघराणे झाले मूषकवंश. अकराव्या शतकात अतुल नावाच्या कवीने या वंशावर 'मूषकवंश' हे महाकाव्य रचले. डोंगराचे मूळ नाव खरोखर उंदरावरून पडले की दुसऱ्याच शब्दावरून, याचा वाद पंडितांनी घालावा. मला नवल वाटते ते त्या राजांचे. सूर्यवंश, चंद्रवंश जवळ पडलेले असता त्यांनी आपल्या वंशास मूषकवंश म्हणू दिले, आणि कवीनेही ते नाव झाकून न ठेवता ग्रंथाच्या कपाळावर लिहिले.

पण हे सारे वारशाने आलेले नाव झाले. आमच्या नातवाचे दुःख निराळे. त्याचे नाव दुसऱ्याने फेकून मारलेले होते. तशा नावांची हकीकत पाहू गेल्यास जपानात पाहावी. सोळाव्या शतकात तेथे ओडा नोबुनागा हा प्रबळ सरदार होता आणि त्याच्या पदरी हिदेयोशी नावाचा सेवक होता. अगदी खालच्या थरातून चढलेला, अंगाने किरकोळ. लोक त्यास माकड म्हणत. त्याच्या बायकोचे नाव नेने. (होय, नेनेच, आमच्या ओळखीच्या नेने मंडळींनी हे वाचून वंशवृक्ष शोधू नये.) नवऱ्याच्या वागण्याची तक्रार घेऊन ती धन्याकडे गेली असावी, कारण नोबुनागाने तिला लिहिलेले एक पत्र आजही उपलब्ध आहे. सुमारे १५७६ सालचे. त्यात तो तिच्या रूपाची वाखाणणी करतो आणि म्हणतो की, या टकल्या उंदराला तुझ्यासारखी बायको पुन्हा मिळणे नाही. पण तूही मत्सर न करता घरच्या धनिणीला शोभेल असे वाग. 'टकला उंदीर' हे धन्याने आपल्या शूर सेनानीस दिलेले नाव! पुढे नोबुनागा १५८२ साली दग्याने मारला गेला, आणि या टकल्या उंदराने १५९० पर्यंत सारा जपान एका छत्राखाली आणला. पत्र मात्र राहिले. मला वाटते, त्या शब्दांत जेवढी थट्टा आहे तेवढाच जिव्हाळा आहे. धनी सेवकाच्या बायकोची बाजू घेतो आहे, आणि ज्याची थट्टा करावयाची त्याची योग्यता त्यास पुरती ठाऊक आहे.

त्याच देशात पुढे नेझुमी कोझो, म्हणजे 'उंदीर पोरगा', या नावाचा चोर होऊन गेला. खरे नाव जिरोकिची. एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, मोठमोठ्या सरदारांच्या वाड्यांत तो शिरत असे. गरिबांच्या घरांत नव्हे. १८३२ साली तो पकडला जाऊन देहान्त शासन पावला. त्याने चोरलेले धन गरिबांस वाटले अशी दंतकथा उठली, तिला पुरावा नाही. पण नाटकवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. टोकियोत एको-इन देवळात त्याची समाधी आहे आणि तिच्या दगडाचे कण खरवडून नेले तर नशीब उघडते, असा लोकांचा समज आहे. परीक्षेस बसणारी मुलेही ते नेतात म्हणे! मुष् धातूचा अर्थ आमच्या पाणिनीयांनी सांगितला तो जपानी चोराने असा सिद्ध केला.

महाराष्ट्रातील वाचकांच्या मनात या ठिकाणी एक नाव केव्हाच येऊन गेले असेल. औरंगजेब शिवछत्रपतींस 'डोंगरातला उंदीर' म्हणे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे शब्द त्याच्या तोंडून निघाले की पुढच्या इतिहासकारांच्या लेखणीतून, यात मी शिरत नाही. म्हणणाऱ्याच्या मनातील तुच्छता उघड आहे. पण त्याने नकळत वर्णन चोख केले. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी, १६६३ साली पुण्याच्या लाल महालात शायिस्तेखानाच्या निजण्याच्या जागी, १६६६ साली आग्र्याच्या पहाऱ्यातून बाहेर. जेथे हत्ती शिरत नाही आणि घोडा वळत नाही तेथे जो शिरतो आणि निसटतो, त्यास दुसरे काय म्हणावे? मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराजांनी या नावाचा प्रतिवाद केला नाही आणि ते अंगाला लावूनही घेतले नाही. १६७४ साली रायगडावर त्यांनी आपल्याला कोणत्या नावाने ओळखावे हे स्वतः ठरविले.

याच्या उलट गोष्ट तोब्रुकच्या शिपायांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या एप्रिलात, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील तोब्रुक बंदराला रोमेल या जर्मन सेनापतीने वेढा घातला. आत सुमारे चौदा हजार ऑस्ट्रेलियन, शिवाय ब्रिटिश तोफखाना, आणि आपल्याकडील १८ वे किंग एडवर्ड्स ओन कॅव्हलरी हे पथकही. डोक्यावरून विमानांचा मारा, पाण्याचे हाल, धुळीने तोंड भरलेले. शिपाई खंदकांत आणि गुहांत राहत. त्या वेळी जर्मन नभोवाणीवरून इंग्रजीत बोलणारा विल्यम जॉयस, ज्यास लोक 'लॉर्ड हॉ-हॉ' म्हणत, त्याने या लोकांची पिंजऱ्यात सापडलेले उंदीर म्हणून टवाळी केली. ऑस्ट्रेलियन शिपाई हा मोठा खट्याळ प्राणी. त्यांनी ते नाव उचलले आणि आपल्याला 'तोब्रुकचे उंदीर' म्हणवून घेण्यास सुरुवात केली. पाडलेल्या जर्मन विमानाच्या पत्र्यातून उंदराचे चित्र असलेली पदके आपल्या हातांनी कापून तयार केली. सरकारी मान्यता त्यांस नव्हती. पण ती ज्यांच्याजवळ होती त्यांनी ती जन्मभर जपली. दिवसा बिळात राहावे आणि रात्री बाहेर पडून शत्रूच्या ठाण्यांवर तुटून पडावे, हा त्यांचा क्रम. वेढा २४१ दिवस चालला. त्यातले बहुतेक ऑस्ट्रेलियन शेवटच्या महिन्यांत बाहेर काढण्यात आले आणि त्यांच्या जागी ब्रिटिश व पोलिश पलटणी आल्या. वर्ष सरता सरता वेढा उठला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तोब्रुक पडले हे खरे, पण तोपर्यंत 'उंदीर' ही शिवी उरलेली नव्हती. ब्रिटिशांच्या सातव्या चिलखती डिव्हिजनचे लोक 'डेझर्ट रॅट्स' म्हणून गाजले ते निराळे. त्यांनी जर्बोआ नावाचा, मागच्या लांब पायांवर उड्या मारीत जाणारा वाळवंटी उंदीर आपले चिन्ह म्हणून १९४० सालीच आपण होऊन निवडला होता. दोघांची गल्लत पुष्कळ जण करतात.

हे सारे मी नातवास रोज थोडे थोडे सांगितले. तोब्रुकची पदके त्याला फार आवडली. पण मधूनच म्हणाला, "आजोबा, ते तर सगळे मिळून चौदा हजार होते. मी एकटा आहे."

या ठिकाणी माझी हकीकत सांगणे प्राप्त आहे. मी ज्या शाळेत होतो तेथे एके वर्षी नववीच्या वर्गास धातू शिकवीत होतो. मुष्, नववा गण, मुष्णाति. फळ्यावर लिहून वळलो तो पुढच्या बाकावरील एक बुटका मुलगा बाकाखाली शेंगा कुरतडताना दिसला. मी म्हणालो, "पाहा, धातूचा अर्थ शोधावयास लांब जावयास नको. मूषक समोरच बसला आहे." वर्ग खदखदून हसला. विनोद चांगला साधला म्हणून मी खूश होतो. घरी येऊन सौभाग्यवतींस तो सांगितलाही. आठवड्याच्या आत 'मूषक' चा 'उंदऱ्या' झाला. पटांगणात, रस्त्यावर, गावात. मी तो ऐकत होतो आणि थांबवीत नव्हतो. खरे सांगावयाचे तर आपण लावलेले रोप वाढलेले पाहून मौज वाटत होती. दहावीला त्याने संस्कृत सोडले. मुलगा हुशार होता, असे का केले याचा मी विचारही केला नाही.

वीस-बावीस वर्षांनी एका लग्नाच्या मंडपात एक गृहस्थ, कानशिले पांढरी झालेली, आपल्या मुलीचा हात धरून उभे होते. मी ओळखले नाही. इतक्यात मागून कोणी जुन्या सोबत्याने "अरे उंदऱ्या, इकडे कुठे!" अशी आरोळी दिली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी पाहिले. मुलीने वर बघून विचारले, "बाबा, तुम्हाला असं का म्हणतात?" त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "हे आमचे सर. माझं ते नाव यांनीच ठेवलं." शब्दांत राग नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो, पान खाल्ले आणि घरी आलो. क्षमा मागावयाची होती, मागितली नाही. नोबुनागाचे पत्र वाचताना मला हा मंडप आठवला. त्या पत्रात आपल्या माणसाची ओळख होती. माझ्या विनोदात ती नव्हती. मला फक्त धातू दिसत होता.

शेवटच्या रात्री नातवास कथासरित्सागरातील गोष्ट सांगितली. ती सांगताना मला नेहमी बरे वाटते, कारण ती आपल्या गोदाकाठच्या प्रतिष्ठान प्रांतात घडलेली म्हणून सोमदेवाने दिली आहे. एका गरीब विधवेचा मुलगा विशाखिल नावाच्या सावकाराकडे भांडवल मागण्यास जातो. सावकार त्या वेळी दुसऱ्याच एका व्यापारीपुत्रास रागे भरत असतो की, कुशल माणसास जमिनीवरचा हा मेलेला उंदीरसुद्धा भांडवल म्हणून पुरेल, आणि तू दिलेले पैसे घालवून बसलास. हा मुलगा पुढे होतो आणि म्हणतो, तो उंदीर मला द्या. आणि रीतसर पावती लिहून देऊन तो उचलतो. सावकार हसतो. मुलगा तो उंदीर एका वाण्यास मांजरासाठी देऊन दोन ओंजळी चणे मिळवितो. चणे भाजून दळतो, पाण्याचा घडा घेऊन गावाबाहेर सावलीत बसतो, आणि थकून आलेल्या मोळीवाल्यांना गार पाणी व चण्याचे पीठ देतो. ते प्रत्येकी दोन दोन लाकडे देतात. ती विकावी, पुन्हा चणे घ्यावे. असे करता करता एकदा तीन दिवसांचे सारे सरपण तो विकत घेतो, आणि लगेच अतिवृष्टी होऊन लाकूड मिळेनासे होते. मग दुकान, मग पेढी. शेवटी तो सोन्याचा उंदीर घडवून विशाखिलाकडे कर्ज फेडावयास जातो. सावकार आपली मुलगी त्यास देतो. आणि लोक त्या श्रीमंतास मूषक या नावाने ओळखू लागतात. लोकांनीच ठेवलेले नाव; पण घेणाऱ्याने आधी उंदीर आपल्या हाताने उचलला होता.

नातू अंथरुणात उठून बसला. "त्याचं खरं नाव काय होतं, आजोबा?"

मी ग्रंथ काढून पुन्हा पाहिले. सोमदेवाने ते दिलेले नाही. आणि पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की लग्नमंडपात भेटलेल्या त्या गृहस्थांचे नावही मला सांगता येणार नाही. आडनाव पुसटसे आठवते; नाव नाही. पहिल्या बाकावर वर्षभर बसलेला मुलगा.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातील एका विद्यार्थ्यास फोन करून पूर्ण नाव आणि पत्ता लिहून घेतला. धाकट्या बंधूंना 'मूषकराज' बंद करावयास सांगितले. ते जरा रुसले आहेत. सूनबाई नातवाच्या वर्गशिक्षिकेस भेटून आल्या. पत्र लिहावयास मला तीन दिवस लागले, कारण आरंभीचे 'चिरंजीव' खोडावे की ठेवावे हेच ठरेना. शेवटी नुसते त्यांचे पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासह, आणि मंगळवारी पत्र टपालात टाकले.